पत्र आणि पत्रक

(वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माइक जरा खाली घेते, कालचे वक्ते माझ्यापेक्षा फूटभर उंच असावेत. मागे ऐकू येतंय ना? बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बायोटेक शेअर आणि स्वतंत्र संशोधन : गुंतवणूकदाराने काय तपासावं’. कार्यवाह फोनवर म्हणाले, मॅडम, शेवटी दोन-चार नावं सांगून टाका, लोकांना बरं वाटतं. नावं सांगणार नाही. एक तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, माझी नोंदणी नाही. दुसरं म्हणजे, माझी स्वतःची पारख कशी आहे ते तुम्हाला आता कळेलच. ज्यांना नावंच हवी होती त्यांनी उठलं तरी चालेल, बाहेर चहा आहे... कोणी उठलं नाही. म्हणजे चहा संपलेला दिसतोय.

मी 32 वर्षं औषध कंपन्यांमध्ये क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे औषधं माणसांवर तपासून बघतात त्या चाचण्यांची, आकडेवारी तपासली. पेशंट नंबर 17 चं वजन 6 किलो लिहिलंय, ते 60 असणार का, विचारा हॉस्पिटलला. पेशंट नंबर 23 तिसऱ्या भेटीनंतर आलाच नाही, का आला नाही, विचारा. आयुष्य असं गेलं. माझ्या सासूबाई लोकांना सांगायच्या, ‘ती कंपनीत गैरहजर माणसं मोजते.’ याच्याइतकं नेमकं वर्णन माझ्या एकाही बॉसला जमलं नाही.

तर माझी फजिती आधी सांगते. साधारण 2005 सालची गोष्ट. ह्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राने एका ब्रोकरेजचा, म्हणजे शेअर-दलाल संस्थेचा, अहवाल आणून दिला. ‘वहिनी, तुमच्याच लायनीतलं आहे.’ कंपनीचं नाव घेत नाही, ब्रोकरेजचंही नाही. भांडायची हौस आता राहिली नाही. 28 पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर डीएनएची निळी शिडी. आणि ती शिडी डावीकडे वळलेली. इथे कोणी मायक्रोबायोलॉजीवाले आहेत का? हां, त्या बाई हसल्या बघा. आपल्या पेशीतली शिडी उजवीकडे वळते, साध्या स्क्रूसारखी. चित्र उलटं छापलं की ती डावीकडे जाते. मी ते ह्यांना दाखवलं, आम्ही दोघं हसलो आणि 400 शेअर घेतले.

आत लिहिलं होतं की कंपनीचं मधुमेहावरचं एन्झाइम ‘80 टक्के रुग्णांत परिणामकारक’. किती रुग्ण? ते पान 19 वर एका तक्त्याखाली होतं. पाच. पाचातले चार. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एखाद्या ट्रेनीने पाच पेशंटवर टक्केवारी काढली असती तर मी त्याला परत पाठवला असता. आणि पान 27 वर, औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी येते ना, तेवढ्या बारीक अक्षरात होतं की या कंपनीच्या शेअरविक्रीचं काम आमच्याच समूहातल्या संस्थेने केलेलं आहे. ती घडीची चिठ्ठी तपासण्याचा मी पगार घेत होते, मंडळी! पण घरी सोफ्यावर बसून वाचताना माणूस पहिलं पान वाचतो आणि शेवटच्या पानावरचं ‘टार्गेट’, म्हणजे भाव कुठवर जाईल तो आकडा, बघतो. मधली 26 पानं वजनाला असतात.

असो. त्या 400 शेअरांकडे शेवटी येते.

आता माझी आवडती गोष्ट. ही मी सगळीकडे सांगते, काहींनी ऐकली असेल, त्यांनी डुलकी घ्यावी. अमेरिकेत न्यूयॉर्कला इमक्लोन नावाची कंपनी. संस्थापक सॅम्युअल वाक्सल. औषध एर्बिटक्स, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं. 2001 साली या औषधाचा एवढा बोलबाला होता की ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या बड्या कंपनीने इमक्लोनचे सुमारे 20 टक्के शेअर 70 डॉलर भावाने घेतले. 70 हा आकडा लक्षात ठेवा.

इमक्लोनने एफडीएकडे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेकडे, मंजुरीचा अर्ज केला. 28 डिसेंबर 2001, शुक्रवार, नाताळानंतरचा आठवडा. एफडीएचं पत्र आलं : अर्ज दाखलच करून घेत नाही. नामंजूर नव्हे, नीट ऐका, दाखलच नाही. आपल्या तहसील कचेरीत ‘त्रुटी’ असा शेरा मारून फाइल परत येते ना, तसं. कंपनीने बाहेर सूर लावला तोही तसाच : काही कागदपत्रं कमी पडली, पूर्तता करू. ऐकणाऱ्याला वाटावं, एखादी झेरॉक्स राहिली असेल.

पत्रात काय होतं? मुख्य ट्रायलमध्ये पेशंटना एर्बिटक्स आणि जुनं केमोथेरपीचं औषध अशी दोन्ही एकत्र दिली होती, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग गाठ लहान झाली तर ती कोणामुळे? एर्बिटक्समुळे, का दोघांमुळे? समजा तुमच्या आईने सर्दीला काढा दिला आणि डॉक्टरने गोळी दिली. बरं वाटल्यावर घरात श्रेय कोणाला जातं ते तुम्हाला माहीत आहे. एफडीए आईला घाबरत नाही, एवढाच फरक. ही झेरॉक्सची त्रुटी नव्हती, ट्रायलच्या मांडणीतच खोट होती.

हे जगाला कळलं कसं? एफडीए असं पत्र स्वतः जाहीर करत नसे, ती कंपनीची गोपनीय माहिती मानली जाई. वॉशिंग्टनहून ‘द कॅन्सर लेटर’ नावाचं एक वर्गणीवर चालणारं साप्ताहिक निघतं. नावातच लेटर. वाचणारे कोण, तर कर्करोगाचे डॉक्टर आणि संशोधक. त्यांनी ते पत्र मिळवलं आणि जानेवारी 2002 च्या सुरुवातीला त्यातला मजकूर छापला. शेअर आधीच घसरला होता, तो आणखी खाली गेला. एवढ्या बँका, एवढे विश्लेषक आणि ब्रिस्टलने दिलेले शंभर कोटी डॉलर. पण मूळ कागद छापला तो या साप्ताहिकाने.

यात मार्था स्टुअर्टचंही नाव होतं ना, असं तिथले कोणीतरी पुटपुटले. ऐकलं मी. स्वयंपाक आणि घरसजावट शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध बाई. त्यांनी 27 डिसेंबरला, म्हणजे पत्राच्या आदल्या दिवशी, आपले 3,928 शेअर विकले, कारण वाक्सल कुटुंब विकतंय असं ब्रोकरच्या ऑफिसातून कळलं होतं. वाचले किती? 45,673 डॉलर. चौकशीत खोटं बोलल्याबद्दल पाच महिने तुरुंग. वाक्सलना, आतली खबर वापरल्याबद्दल वगैरे, सात वर्षं तीन महिने. सगळ्या पेपरांनी बाईंचा फोटो छापला. ट्रायलला दुसरा गट नव्हता, ही बातमी कोणाच्या लक्षात राहिली? त्या गटाचा फोटो निघत नाही.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. औषध चांगलं निघालं! युरोपात जर्मन मर्क कंपनीने नीट ट्रायल केली, 329 पेशंट, दोन गट. दोन्ही औषधं एकत्र दिली तर सुमारे 23 टक्के पेशंटची गाठ लहान झाली, नुसत्या एर्बिटक्सने सुमारे 11 टक्के. एफडीएच्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि फेब्रुवारी 2004 मध्ये मंजुरी. मार्थाबाई दोषी ठरल्या त्या पुढच्याच महिन्यात. आणि 2008 साली एलाय लिली कंपनीने इमक्लोन विकत घेतली, शेअरमागे किती देऊन? 70 डॉलर! बरोबर. म्हणजे 2001 मध्ये 70 ला घेऊन जो गाढ झोपला, तो सात वर्षांनी 70 ला उठला. आपल्या पोस्टातल्या बाईंनी याहून जास्त दिले असते.

(हशा ओसरल्यावर) माझं म्हणणं एवढंच आहे. पत्र वेगळं आणि पत्रक वेगळं. पत्र एफडीए कंपनीला लिहिते. पत्रक, म्हणजे प्रसिद्धिपत्रक, कंपनी तुम्हाला लिहिते. या दोन कागदांत किती अंतर आहे ते मोजायला जो बसतो, तो स्वतंत्र संशोधक. शेअर कुठे जाईल हे त्याला माझ्याइतकंच माहीत असतं, म्हणजे अजिबात नाही.

आणि हे अंतर खरोखर मोजलंय, बरं का. 2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एफडीएच्याच लोकांचा लेख आला. 2008 ते 2013 मधली, औषधाला सध्या मंजुरी देत नाही असं कळवणारी 61 पत्रं त्यांनी घेतली आणि कंपन्यांच्या पत्रकांशेजारी ठेवली. पत्रांमध्ये आक्षेपाचे एकूण 687 मुद्दे होते. त्यातले पत्रकांत किती आले? 93. अकरा कंपन्यांनी तर पत्रकच काढलं नाही. तेरा पत्रकांत पत्रातला एकही मुद्दा नव्हता. 93 आणि 687. मी हा लेख वाचला तेव्हा रात्री ह्यांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं’, आणि कुशीवर वळले. जुलै 2025 मध्ये एफडीएने अशी दोनशेहून जास्त जुनी पत्रं खुली केली, तेव्हा मात्र मी कोणाला उठवलं नाही.

किती वाजले? साडेसात! म्हणजे मी 40 मिनिटं इमक्लोनवर घालवली? कार्यवाह हात वर करून दहा दाखवताहेत. दहा मिनिटं, का दहा बोटं? मिनिटं. बरं, मग जो विषय पत्रिकेवर छापलाय तो आता धावत घेऊ.

पैसे कोण देतं. 2003 साली अमेरिकेत दहा मोठ्या गुंतवणूक संस्थांना सुमारे 140 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, कारण त्यांचे विश्लेषक स्वतःच्याच बँकेच्या गिऱ्हाइकांची तारीफ लिहीत होते. त्यातले 43 कोटींहून जास्त डॉलर फक्त स्वतंत्र संशोधन विकत घेऊन ग्राहकांना देण्यासाठी होते, पाच वर्षं. मुदत संपली, सक्ती संपली. आपल्याकडे सेबीचे 2014 चे नियम आहेत : विश्लेषकाने स्वतःचा हितसंबंध सांगायचा, आणि अहवालाच्या आधी 30 दिवस व नंतर 5 दिवस त्या शेअरचा व्यवहार करायचा नाही. म्हणून अहवाल मागून वाचायला घ्या, पान 27 आधी. कंपनीनेच पैसे देऊन लिहून घेतलेले अहवालही असतात, तेही तिथेच कळतं. आणि शेअर पडण्यावर पैसे लावून अहवाल काढणारेही असतात; त्यांनाही स्वतंत्र म्हणू नका, पण त्यांचं वाचा जरूर. खोट शोधायला त्यांच्याइतका वेळ कोणी देत नाही.

ट्रायलची नोंद. त्यासाठी दोन सरकारी वेबसाइट आहेत : अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि आपली सीटीआरआय, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची. जून 2009 पासून आपल्याकडे नोंद सक्तीची आहे. फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. अमेरिकेच्या नोंदीत जुन्या आवृत्त्या दिसतात. ट्रायल सुरू होताना मोजायचं काय ठरलं होतं आणि निकाल लागताना काय मोजलं, ते शेजारीशेजारी ठेवा. मोजमाप मध्येच बदललं असेल तर का बदललं, ते कंपनीला ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर तेही लिहून ठेवा. माझी जुनी सवय.

कंपनीचा आकार. कर्करोगाच्या औषधांच्या 59 मोठ्या ट्रायल तपासणारा एक हिशेब 2011 साली प्रसिद्ध झाला. निकालाच्या चार महिने आधी ज्या कंपनीचं बाजारमूल्य 30 कोटी डॉलरच्या खाली होतं, अशा 21 ट्रायल. यशस्वी एकही नाही. 100 कोटींच्या वरच्या 27, त्यात 21 यशस्वी. बाजाराला काहीतरी आधी कळतं, किंवा चांगलं औषध मोठ्या कंपन्या आधीच उचलतात. काहीही असो, ‘छोटी आहे, म्हणून दहापट होईल’ म्हणणाऱ्याला हे दाखवा.

हातातली रोकड भागिले तिमाहीचा खर्च. किती तिमाह्या उरल्या ते काढा, निकाल त्याच्या आत येतोय का बघा. नाही तर नवे शेअर काढणार, तुमचा हिस्सा पातळ होणार. पुढे.

मूळ कागद शेवटपर्यंत वाचा. बायोजेनच्या अल्झायमरवरच्या अडुकानुमॅबचं उदाहरण. 4 नोव्हेंबर 2020 ला एफडीएची टिपणी आली, पहिला भाग गोड, शेअर एका दिवसात 40 टक्क्यांच्या वर उसळला. त्याच दस्तऐवजात मागे एफडीएच्याच संख्याशास्त्रज्ञाचा विरोधी अभिप्राय होता. दोन दिवसांनी एफडीएच्या सल्लागार समितीने विरोधात कौल दिला आणि शेअर आपटला. तरी पुढच्या जूनमध्ये मंजुरी मिळालीच, आणि 2024 मध्ये कंपनीने औषध स्वतःच बंद केलं. याच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आणि आपल्या इथलं एक मिनिटात : पुण्याची सीरम बाजारात नाही, हैदराबादची भारत बायोटेक नाही. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियलमधून पुढे आलेली कार-टी ही कर्करोगावरची उपचारपद्धती 2023 मध्ये मंजूर झाली, तेव्हा मला चार फोन आले, शेअर कुठे मिळतो म्हणून. ती इम्युनोअ‍ॅक्ट कंपनीही बाजारात नाही. बाजारात जे ‘बायोटेक’ नावाने आहे त्यातलं बरंचसं बियाणं, एन्झाइम किंवा जेनेरिक औषधं आहे. वाईट नाही, पण ट्रायलच्या निकालावर उड्या मारणारं ते नव्हे.

झालं, आवरते. काय म्हणता? ते 400 शेअर? अहो, आहेत अजून डीमॅटमध्ये. व्यवहार स्थगित आहेत, विकता येत नाहीत. मधल्या काळात कंपनीने नाव दोनदा बदललं, आता नावात अ‍ॅग्रो आहे. मागच्या स्टेटमेंटबरोबर वार्षिक अहवालाची लिंक आली होती. मुखपृष्ठावर गव्हाची ओंबी आहे. ती कुठल्या बाजूला वळते ते मी अजून बघितलेलं नाही.