एक्झिक्युटर थोरलाच कशाला?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर मिळवण्याच्या, पायऱ्या. त्या सांगतो. पण आधी एक्झिक्युटर, म्हणजे आपल्यामागे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, निवडण्याबद्दल बोलू द्या, कारण गाडी बहुतेक वेळा तिथंच रुतते.

आपल्याकडे मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून मानाचं नाव घालतात, लग्नपत्रिकेत निमंत्रक घालावा तसं. थोरला मुलगा, मग तो दुबईत का असेना. नाहीतर गल्लीतले पंच, वय अठ्ठ्याहत्तर. साक्षीदारही त्याच वयाचे: फॅमिली डॉक्टर आणि बाकावरचे पेन्शनर मित्र. पंधरा वर्षांनी मृत्युपत्र बाहेर येतं तेव्हा लिहिणारा नाही, साक्षीदार नाहीत, पंच आहेत पण त्यांना कोर्टाचा जिना चढवत नाही. हसू नका, पहिल्या रांगेतल्यांनी तर मुळीच नको.

मृत्युपत्र शाबीत करायचं तर दोनपैकी एक तरी साक्षीदार, हयात असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. दोघेही गेले असतील, तर त्यांच्यापैकी एकाचं आणि मृत्युपत्र करणाऱ्याचं अक्षर ओळखणारा माणूस शोधत फिरा. रजिस्टर केलंय म्हणून हे चुकत नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, स्टॅम्पही लागत नाही. साक्षीदार मात्र दोन लागतातच, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे साक्षीदार नव्हे. तेव्हा साक्षीदार चाळिशीतले घ्या. एक्झिक्युटर स्वतः साक्षीदार झाला तरी चालतो, हिंदूंच्या बाबतीत त्याला मृत्युपत्रानं वाटा मिळत असला तरी हरकत नाही. एक्झिक्युटर अल्पवयीन तेवढा नको.

आता आपल्या सीमाभागाची खास भानगड. समजा इथं बेळगावच्या वडगावात घर, खालच्या खोलीत चार माग, आणि शिनोळीला दीड एकर. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बेळगावच्या जिल्हा न्यायालयानं दिलेलं प्रोबेट कर्नाटकभर चालतं. राज्याबाहेरची मिळकत 10 हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला न्यायाधीशांनी दिला, तरच ते पलीकडे चालतं. 10 हजारांत आज शिनोळीला बांध तरी मिळेल का? म्हणून अशा वेळी थेट हायकोर्टाचं प्रोबेट घ्यावं, म्हणजे धारवाड खंडपीठ; ते इतर राज्यांतही लागू पडतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई-मद्रास शहरांत आणि जुन्या बंगाल प्रांतात. बेळगावला ती कधीच नव्हती. पण भाऊबंदांनी हरकत घेतली किंवा बँकेनं कागद मागितला की सक्ती नसूनही दार तेच.

तर असा माणूस निवडा जो इकडची कन्नड पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उताराही वाचेल आणि तिकडचा सातबाराही. पहाणीवर 'यल्लप्पा', सातबाऱ्यावर 'यल्लाप्पा', आधारवर 'वाय. बी.', तिन्ही माणसं एकच, हे प्रतिज्ञापत्रावर सांगायला त्यालाच लागतं. कन्नड येत नाही म्हणून दाखवतील तिथं सही करणारा एक्झिक्युटर नको. भाषेचा अभिमान सभेत ठेवू, कचेरीत अक्षरओळख लागते. आणि नाव घालण्यापूर्वी त्याला विचारा! तो सरळ नकार देऊ शकतो, म्हणून पर्यायी दुसरं नावही लिहा. दोघेही नसले तर वारसांना कोर्टाकडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीचा कारभार बघायचं अधिकारपत्र, घ्यावी लागतात.

नॉमिनीचं विचारणार हे माहीत होतं. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. बँक खात्याला आता चार नॉमिनी लावता येतात, 1 नोव्हेंबर 2025 पासून. 1 नोव्हेंबर म्हणजे आपला काळा दिवस, बेळगावकर ही तारीख विसरायचे नाहीत.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. भराभर सांगतो.

मृत्यूनंतर पूर्ण 7 दिवस लोटल्याशिवाय प्रोबेट मिळत नाही. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, नातेवाइकांची नावं-पत्ते, किमतीसह मिळकतीची यादी, आणि मिळत असेल तर एका साक्षीदाराची पडताळणी. मृत्युपत्र मराठीत असलं तरी चालतं, कोर्टाची भाषा वेगळी असेल तर भाषांतर जोडावं लागतं. मग नोटिसा निघतात. कोणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात. मूळ कागद कोर्टातच राहतो, तेव्हा प्रमाणित नकला जास्तच काढा.

प्रोबेटच्या आधी म्हशीला वैरण घातली किंवा अंत्यविधीचा खर्च केला तर कोणी बोट दाखवत नाही. माग विकून टाकला तर मात्र जबाबदारी अंगावर येते. प्रोबेट मिळाल्यापासून 6 महिन्यांत मिळकतीची यादी, वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा. यादीत पिग्मीचं, म्हणजे रोजच्या बचतीचं, पासबुक हटकून राहतं. कपाटात नसेल तर एजंटाला विचारा. भिशी कुठंच लिहिलेली नसते.

देणी फेडण्याचा क्रम ठरलेला आहे: अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग मागावरच्या कामगारांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी, त्यानंतर बाकीचं कर्ज. वाटे सगळ्यांत शेवटी, आणि मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत वाट्यासाठी एक्झिक्युटरवर जबरदस्ती करता येत नाही. धाकट्याच्या आग्रहाखातर आधी वाटप केलं आणि मागून सोसायटीचं कर्ज निघालं, तर एक्झिक्युटर स्वतः अडकतो.

शेवटी नावं चढवायची. वडगावच्या घराचं इथं, शिनोळीचा फेरफार चंदगडला. एकीकडे झाला म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. तिकडे जाताना मृत्यूच्या दाखल्याचं मराठी भाषांतर बरोबर ठेवा, कन्नड दाखला बघून तलाठी परत पाठवतो.