उद्यमनगरात उघडलेला मागचा एक्सेल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये, टेबलावर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेले हे तुकडे एका फोर-बाय-फोर जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या संचातून, निघाले आहेत. क्राऊन व्हीलचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चाकाचे, सलग तीन दात मुळापासून गेले आहेत, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनच्या एका दाताचा कोपरा उडाला आहे आणि काढून ठेवलेल्या ऑईलमध्ये पोलादाचा चुरा चमकतो आहे. गगनबावड्याच्या बाजूला, भर पावसात एका खासगी शेताची पाणंद चढताना या जीपचे मागचे एक चाक चिखलात मोकळे फिरत होते. ते फिरतानाच जांभ्याच्या दगडावर टेकले, मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. तुटलेले दात पोटात घेऊन ती ओढत आणली असती, तर उरलेले दातही चेचले गेले असते. म्हणून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून शहरात आणण्यात आली.

अशा वेळी डिफरन्शियलवर किती भार येतो, हे साध्या गुणाकाराने समजते. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर चौपट आणि लो रेंज (अवघड वाटेसाठीची जादा संथ गिअरजोडी) अडीच पट धरली, तर मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर २,५०० न्यूटन-मीटर येतात आणि क्राऊन-पिनियन त्याच्याही पुढे सुमारे चौपट वाढ करतात. अर्थात चाकाखाली पकड नसेल तर हा टॉर्क उभाच राहत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक थांबले की दुसरे क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते. चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरलेला असताना हे वेगातले चाक अचानक अडले, तर चाक, शाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्या फिरण्यात साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात दातांवर येते, आणि तो धक्का वरच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. या जीपला कंपनीच्या मापापेक्षा मोठे आणि जड टायर बसवलेले होते, ही गोष्टही इथे नोंदवायला हवी.

मालक नवा, अधिक मजबूत सेट मागवण्याच्या तयारीत होते. मिस्त्रींनी त्यांना थांबवले. "आदी दात बगा, मग पार्ट सांगा," एवढेच ते म्हणाले आणि तुटलेले दात डिझेलने धुऊन भिंगाखाली धरले.

एका धक्क्यात तुटलेल्या दाताचा भंग सर्वत्र खरखरीत आणि राखाडी दिसतो. दिवसेंदिवस चिरत गेलेल्या दाताच्या मुळाशी मात्र गुळगुळीत, काळपट पट्टा असतो. त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा असतात आणि शेवटचा उरलेला भागच तेवढा खरखरीत असतो. येथे तीनपैकी दोन दात ताजे तुटलेले होते, पण मधल्या दाताच्या मुळाशी तो काळा पट्टा स्पष्ट होता. म्हणजे दगडाने अखेरचा घाव घातला, एवढेच. दात आधीच चिरलेला होता. न तुटलेल्या दातांवरची झीजही बाहेरच्या टोकाकडे सरकलेली आढळली. पिनियन हाताने हलवून पाहताच कारण सापडले. पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली, दाबून बसवायची पातळ नळी धक्क्यांनी आणखी दबली होती, बेअरिंगांवरचा ताण निघून गेला होता आणि जोर लागला की पिनियन क्राऊनपासून किंचित दूर सरकत होता. त्यामुळे पूर्ण दातावर पसरायचा भार एका टोकावर पडत राहिला. हे न पाहता बाजारातला सर्वांत महाग क्राऊन बसवला असता, तरी तोही याच वाटेने गेला असता.

त्यानंतर प्रश्न आला सुधारणेचा. या विषयात उत्साहापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो, कारण एक भाग मजबूत केला की तुटण्याची जागा फक्त पुढच्या कमजोर भागाकडे सरकते. पुढच्या वेळी काय तुटलेले चालेल, हे आधी ठरवावे लागते. या जीपचा मागचा एक्सेल, म्हणजे डिफरन्शियल आणि दोन्ही चाकांचे शाफ्ट पोटात घेणारा आडवा भाग, फुल फ्लोटिंग आहे. गाडीचे वजन हबवर (चाक बसते त्या मधल्या भागावर) असते आणि आतला शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि हबचे बोल्ट काढून नवा शाफ्ट रानातही बसवता येतो. क्राऊन रानात बसवता येत नाही. म्हणून शाफ्ट मूळचेच ठेवायचे आणि डिफरन्शियल मजबूत करायचे, असे ठरले. सेमी फ्लोटिंग एक्सेलला मात्र हा हिशेब लावू नये. तिथे वजन शाफ्टवरच असते आणि शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच निसटू शकते.

मोठ्या टायरांमुळे मंदावलेली ओढ परत मिळावी म्हणून मालकांना ४१ आणि १० दातांच्या सेटऐवजी ४१ आणि ९ दातांचा सेट हवा होता. मिस्त्रींनी नकार दिला आणि तो योग्यच होता. क्राऊनचा व्यास तोच ठेवून पिनियनचे दात कमी केले की पिनियनचे डोके लहान होते, आणि मजबुतीसाठी चाललेल्या खटाटोपात तीच कमी होते. शिवाय पुढच्या एक्सेलचे गुणोत्तरही बदलावे लागते. नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात. त्यापेक्षा दोन स्टार गिअरच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या आतल्या लहान गिअरच्या) जुन्या केसऐवजी, म्हणजे कवचाऐवजी, चार स्टार गिअरची, क्लच प्लेट असलेली लिमिटेड स्लिप केस निवडण्यात आली. ती एका चाकाचे मोकळे फिरणे बरेच आवरते, म्हणजे मूळ धक्काच सौम्य करते, आणि दोन्ही चाके एकत्र जखडणाऱ्या पूर्ण लॉकरसारखे शहरातल्या वळणांवर टायर घासू देत नाही.

शेतीच्या पंपांना लागणाऱ्या ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेल्या या उद्यमनगरात लेथवर जवळपास काहीही करून मिळते, असा आपल्याकडे समज आहे. क्राऊन-पिनियनला तो लागू करू नये. त्यांचे हायपॉइड, म्हणजे वक्र, दात कापायला खास यंत्रे लागतात, कार्बुरायझिंगने (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून) वरचा थर कठीण आणि गाभा चिवट ठेवावा लागतो, आणि शेवटी दोन्ही गिअर एकमेकांवर घासून त्यांची जोडी जुळवली जाते. म्हणूनच दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला असतो आणि जोडी फोडायची नसते. सेट बाहेरून आला. उद्यमनगराने आपले खरे काम दुसरीकडे केले. दबणाऱ्या नळीच्या जागी पोलादी, न दबणारा स्पेसर लेथवर तयार झाला, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) घासून मापात आणल्या गेल्या, आणि एका जुन्या बेअरिंगचे भोक किंचित मोठे करून ते जुळवणीसाठी वापरले गेले. ते हाताने सहज निघत असल्यामुळे शिम बदलताना दर वेळी नवे बेअरिंग ठोकून काढावे लागले नाही.

जुळवणीला सर्वाधिक वेळ लागला. आधी हाउसिंगच्या दोन्ही नळ्यांतून डिझेलात भिजवलेले फडके ओढून चुरा काढला गेला. तिथे राहिलेला एक कण नवे बेअरिंग खराब करायला पुरेसा असतो. बेअरिंगच्या टोप्या ज्या बाजूच्या त्याच बाजूला जाव्यात म्हणून त्यांच्यावर उघडतानाच खुणा केलेल्या होत्या. पिनियनची खोली शिमने ठरली, त्याच्या बेअरिंगांचा ताण पिनियनच्या टोकाच्या फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने मोजला गेला, आणि क्राऊनचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, डायल गेजवर चार ठिकाणी तपासून ०.१५ ते ०.२० मिलिमीटरमध्ये आणला गेला. मग दातांवर रंग लावून क्राऊन फिरवला. पहिला ठसा दाताच्या मुळाकडे उमटला, म्हणजे पिनियन गरजेपेक्षा आत होता. शिम कमी झाली, सगळे पुन्हा उघडले आणि पुन्हा बसवले. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत हे चालू राहिले. आकडे बरोबर दिसले तरी अखेरचा निर्णय ठशाचाच असतो.

एक्सेलमध्ये हवा आत-बाहेर जाऊ देणारा, बंद पडलेला ब्रीदरही याच वेळी बदलण्यात आला. तापलेला एक्सेल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. ऑईल दुधाळ होते आणि वंगण जाते. नवी नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेली आहे. आत जीएल-५ दर्जाचे गिअर ऑईल आणि क्लच प्लेटसाठी लागणारे पूरक द्रव्य भरले आहे. सुरुवातीला पंधरा-वीस किलोमीटर संथ चालवून एक्सेल पूर्ण थंड होऊ द्यायचा, असे काही वेळा करायचे, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर ऑईल बदलायचे, असे मालकांना सांगितले आहे. चुंबकी प्लगवर तेव्हा राखाडी लेप दिसला तर ती नव्या दातांची स्वाभाविक झीज असते. टोकदार कपची दिसली तर झाकण पुन्हा उघडावे लागेल. मागच्या सीटखाली आता दोन शाफ्ट, हबचे गॅस्केट आणि बोल्टांना लागणारा पाना कायमचे बांधून ठेवले आहेत.