गादीखालची पट्टी

(रात्र. खिडकीत घरघरणारा कूलर. खाटेवर कुशीला वळलेल्या आजी.)

मे महिना. जळगावात दिवसा पारा 45 अंशांना टेकलेला. केळीच्या बागांना लागून असलेल्या या वृद्धनिवासात आत्ता रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी विचारलं, की आजी सांगणार, "काय सांगू माय, रातभर डोयाले डोया लागना नही." कालही हेच, परवाही हेच. म्हातारपणी झोप सावध होतेच, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही.

शेवटी आजींना झोप खरंच किती लागते, ते मोजून बघायचं ठरलं. खोलीत कॅमेऱ्याला आजींनी साफ नकार दिला. झोपेत लुगडं सरकतं, ते कुणी का बघावं? मनगटावरचा पट्टा बांगड्यांत अडकतो. मग गादीखाली, छातीच्या रेषेत, अंगाची हालचाल टिपणारी, हातभर लांबीची एक पातळ पट्टी आली.

हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं, त्या धक्क्यानं अंग केसभर हलतं. वजनकाट्यावर उभ्या माणसाच्या नाडीबरोबर काटा थरथरतो, हे गॉर्डन नावाच्या अभ्यासकानं 1877 मध्येच टिपलं होतं. पट्टी तीच थरथर पकडते. श्वास, कूस बदलणं, उठणं तर ठळकच. अमेरिकेत मिसुरीतल्या टायगरप्लेस या वृद्धनिवासात यासाठी गादीखाली पाण्याची नळी वापरून पाहिली गेली.

इथली अडचण खास खान्देशी. कूलरचं स्टँड खाटेला टेकलेलं! आलेखात आजी कमी, कूलरच जास्त. स्टँड वीतभर सरकवलं. नवारीला झोळ, म्हणून खाली फळी टाकली.

(पडद्यावर आठवड्याचा आलेख.)

आजी झोपतात. पण बारा ते चारमध्ये पाच-पाच वेळा उठतात. का, ते पट्टीला कुठून कळणार? रात्रपाळीच्या ताईंनी विचारलं: लघवीला. मग गोळ्यांची डबी उघडली. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळच्या कप्प्यात. डॉक्टरांनी ती सकाळच्या चहाच्या वेळेवर नेली. आता आजी दोनदा उठतात.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबत असेल, तर पट्टी फार तर शंका दाखवेल. झोपेत असा श्वास थांबण्याच्या आजाराच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या, निदानासाठी रात्रभराची वेगळी तपासणी करावी लागते.

हा आलेख पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवरही जाऊ शकतो. पाठवायचा का?

"त्याले नका धाडू माय. त्यानी झोप उडी जाई."