तीन अटी आणि चौथी अट

श्रोतेहो, नमस्कार. आज फिलाडेल्फियातल्या सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्चविषयी बोलू या.

अ‍ॅब्सलम जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. पुढे फिलाडेल्फियात मालकाचं काम उरकून रात्री ते स्वतःसाठी राबत. त्या कमाईतून आणि कर्ज काढून त्यांनी आधी बायकोला सोडवलं, कारण आई गुलाम तर पोरंही गुलाम, असा कायदा होता. स्वतःची सुटका व्हायला १७८४ उजाडलं.

मेथडिस्ट नावाच्या प्रोटेस्टंट पंथाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये एका रविवारी ते गुडघे टेकून प्रार्थना करत होते. विश्वस्त त्यांना ओढून उठवू लागले. काळ्यांनी तिथं बसायचं नाही म्हणून. 'प्रार्थना संपेपर्यंत थांबा,' एवढंच जोन्स म्हणाले. प्रार्थना संपली आणि काळे भाविक एकजुटीनं बाहेर पडले.

१७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. काळ्यांना हा ताप होत नाही, असा एका नामवंत डॉक्टरांचा समज होता. तो साफ खोटा निघाला. तरी जोन्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड अ‍ॅलन यांच्या माणसांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांना पुरलं. वर लुबाडणुकीचा आळ आलाच! दोघांनी जमाखर्चासकट पुस्तिका छापून त्याला उत्तर दिलं.

१७ जुलै १७९४ला त्यांचं स्वतःचं चर्च, म्हणजेच हे सेंट थॉमस, उघडलं. अ‍ॅलन मेथडिस्टच राहिले; बहुसंख्यांनी मात्र इंग्लंडच्या चर्चमधून निघालेला, बिशपांच्या अधिकाराखालचा एपिस्कोपल पंथ निवडला. हात जोडून नव्हे, तीन अटी घालून: आम्हाला संघटित मंडळी म्हणून घ्या, आमचा कारभार आमच्याच हाती राहील, आणि जोन्स पात्र ठरले तर त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्या. मला या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा करार. कालपर्यंत विकली जाणारी माणसं बिशपशी अटींची बोलणी करत होती.

अटी मान्य झाल्या. दीक्षेसाठी लागणारी ग्रीक-लॅटिनची अटही जोन्स यांना माफ झाली, पण त्या बदल्यात चौथी अट आली: धर्मप्रांताच्या अधिवेशनात या चर्चचा प्रतिनिधी बसणार नाही. जोन्स १७९५ साली डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे सेवक, झाले, पुढे अमेरिकेतले पहिले काळे एपिस्कोपल धर्मगुरू झाले, १८१८ साली वारले. ती बंदी उठली १८६०च्या दशकात. मंडळी आजही फिलाडेल्फियात नांदते आहे.