रत्नागिरी, खिसा सांभाळून

नमस्कार श्रोतेहो.

चार दिवस कोकणात जाऊन येऊ, असं घरात कुणी म्हटलं की पहिल्यांदा शोधलं जातं ते समुद्रासमोरचं रिसॉर्ट. मग त्याचं भाडं दिसतं आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. माझं सांगणं उलटं आहे. हातात पैसे बेताचे असतील तर किनाऱ्यावर मुक्काम करूच नका, शहरात राहा. त्यासाठी रत्नागिरी मला सगळ्यांत सोयीची वाटते. जिल्ह्याचं गाव आहे. कोर्टकचेरीला, दवाखान्याला, कॉलेजच्या कामाला तालुक्यांतून माणसं रोज येतात. त्यांच्यासाठी साधे लॉज आहेत, खानावळी आहेत, दिवसभर एसटी आहे. पर्यटकाला लागणारा दर वेगळा आणि कचेरीच्या कामाला आलेल्या माणसाचा दर वेगळा. आपण दुसऱ्या दराने राहायचं आणि जेवायचं.

आधी पोचण्याचं बघू. मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेसारखी स्वस्त गाडी नाही. साध्या, अनारक्षित डब्यातलं तिकीट दोनशे रुपयांच्या आत बसतं. पण उन्हाळ्यात आणि गणपतीत त्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून बायकामुलं बरोबर असतील तर आरक्षणच करा. ते आता 60 दिवस आधी उघडतं. रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघालात तर एका रात्रीचं लॉजभाडं वाचतं. दिवसाच्या मांडवी एक्सप्रेसने आलात तर बोगदे, पूल आणि दऱ्या बघायला मिळतात. स्टेशन गावात नाही, कुवारबावला आहे. बाहेर रिक्षा उभ्या असतात, भाडं आधी ठरवा, किंवा सरळ बस पकडा.

एसटीचं तर विचारूच नका. 2023च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. पंचाहत्तरीपुढची आजी, आई आणि दोन मुली असं कुटुंब निघालं तर खर्च अर्ध्याच्याही खाली येतो. आजीचं आधार कार्ड तेवढं विसरू नका.

लॉज घेताना एक प्रश्न हमखास विचारा: चेकआउट 24 तासांचा, की सकाळी ठरावीक वेळेचा? पहाटेच्या गाडीने पोचणाऱ्याला या एका उत्तरावर अख्ख्या दिवसाचं भाडं पडतं किंवा वाचतं. शनिवार-रविवार, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार घ्या; हवा छान असते आणि लॉजवाला स्वतःहून दोन पैसे कमी करतो.

आता बघायचं काय? मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जा. तिथली वाळू काळी. त्याच शहरात थोडं पलीकडे गेलात की किनाऱ्याचं नावच पांढरा समुद्र, कारण तिथली वाळू पांढरी. खाडीचा पूल ओलांडलात की भाट्ये: लांबलचक सपाट पुळण, काठाला सुरूचं बन. घरून डबा नेऊन त्या सावलीत बसलात तर दुपार कशी गेली ते कळत नाही. रत्नदुर्ग चढा, तिन्ही बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर आहे. सगळं चालत आणि एसटीने होतं.

थिबा राजवाड्याला मात्र वेळ काढून जा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं, रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि 1916 साली तो इथंच वारला. राजवाडा बांधून झाला 1910 साली, म्हणजे निम्म्याहून जास्त काळ बिचारा भाड्याच्या बंगल्यांतच होता. सरकारी तनखा पुरेना म्हणून बरोबर आणलेली माणकं विकावी लागली. रत्नागिरीत आलेल्या पाहुण्यांत सर्वांत जास्त बजेट कोसळलं असेल ते याचं! तिथल्या व्हरांड्यात उभं राहून खाली खाडी बघा.

ज्यांनी हे सगळं पाहिलंय, त्यांनी उक्षी गावचं कातळशिल्प गाठावं. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या जांभ्या खडकात कोरलेला भलामोठा हत्ती आहे. कुणी कोरला, कशासाठी, त्याचा उलगडा अजून झालेला नाही. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथं दुकान नाही, सावली नाही. पाण्याची बाटली भरून न्या आणि सकाळीच जा.

गणपतीपुळ्याला बहुतेकजण जातातच. रहाटाघरच्या स्टँडवर विचारा, आरे-वारेवरून जाणारी गाडी कधी आहे. निवळीवरून जाणाऱ्या गाडीत समुद्र दिसत नाही. आरे-वारेच्या गाडीत जाताना डावीकडची खिडकी धरा. ज्या दृश्यासाठी लोक खासगी गाड्या करतात ते तिकिटातच मिळतं. देवळात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. समुद्रात मात्र खोल जाऊ नका. तिथं पाण्याला ओढ आहे, पोहणारी माणसंही आत गेली आहेत. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून ठेवा. ती चुकली तर दिवसभर वाचवलेलं सगळं रिक्षात जातं.

जेवणाचं सांगतो. पापलेट-सुरमईच्या थाळीचा दर बघून घाबरू नका. मेनूच्या त्याच पानावर थोडं खाली बांगड्याची थाळी असते. ताजा बांगडा, भाकरी, भात आणि सोलकढी. माझ्या मते तरी शिळ्या पापलेटापेक्षा ताजा बांगडा केव्हाही वरचढ. मांदेली, पेडवे, तारली मिळाली तर सोडू नका, ही गरिबाची मासळी म्हणून हॉटेलवाले पाटीवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. सकाळी मिरकरवाडा बंदरावर एक फेरी मारा. घ्यायचं नसलं तरी लिलाव बघा. घ्यायचं असलं तर, "मावशी, बांगडे कसे?" म्हणून विचारा आणि पहिल्या भावाला हसून पुढे व्हा, मावशी परत हाक मारते. घरगुती मुक्कामाची सोय असेल तर घरची माणसं थोडे पैसे घेऊन ते मासे करून देतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग. त्या दिवसांत घावणे, उसळ आणि सोड्यांवर, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीवर भागवा. शाकाहारी असाल तर काजूची उसळ मार्च-एप्रिलातच, ओल्या काजूची. ती मात्र स्वस्त नाही, पण एकदा खाच.

आंब्यासाठी एप्रिलात घाई करू नका. मे अर्ध्यावर आला, पावसाची चाहूल लागली की हापूसचा भाव उतरतो. तरी जड वाटला तर रायवळ घ्या, बाजारात टोपलीत असतात, चोखून खायचे. हायवेवरच्या स्टॉलवर पाटी रत्नागिरी हापूसची असली म्हणून आतला आंबा रत्नागिरीचाच असेल असं नाही. गावातल्या बाजारातून किंवा ओळखीच्या बागायतदाराकडून डझन-दोन डझन घ्या. तयार आंबा वरच्या पिशवीत ठेवा, अढीतला कच्चा खाली. मांडवीच्या डब्यात गर्दी असली की खालच्या पिशवीवर कुणीतरी बसतंच.

नमस्कार.