म्हैस उलटली, पण दोष कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. आरे कॉलनी 1949 साली वसली ती मुंबईतल्या म्हशींसाठी. तिथला गोठा असो, जोगेश्वरीचा तबेला असो की वसईतलं घर, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "म्हैस उलटली." कृत्रिम रेतन केलं, पण गाभण राहिली नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली. असं दोन-तीनदा झालं की तिला भाकड ठरवून विकून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कित्येकदा म्हैस निर्दोष असते आणि बिघाड कांडीत झालेला असतो.

कांडी म्हणजे रेड्याचं गोठवलेलं वीर्य भरलेली पाव मिलिलिटरची बारीक नळी. तिच्यात सुमारे 2 कोटी शुक्रजंतू भरतात. वितळल्यावर त्यातले निदान निम्मे पुढे पोहणारे हवेत, असं आपल्याकडचं मानक आहे. निम्मेच, कारण गोठणं शुक्रजंतूंना सोसत नाही. भोवतालच्या पाण्याचा बर्फ होऊ लागला की उरलेला द्राव खारट होत जातो आणि शुक्रजंतूच्या आतलं पाणी ओढून घेतो. फार सावकाश गोठवलं तर तो या खारेपणात सुकतो, फार झपाट्याने गोठवलं तर त्याच्या आतच बर्फ धरतो. 1949 सालीच इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या संशोधकांनी गोठताना शुक्रजंतू वाचवणाऱ्या ग्लिसरॉलचा उपयोग दाखवला, तेव्हा कुठे यातून वाट निघाली. आजही वीर्यात ग्लिसरॉल आणि बहुधा अंड्याचा बलक घालतात. तरी शुक्रजंतूचं आवरण दुखावतंच, आणि रेड्याचं वीर्य वळूच्या वीर्यापेक्षाही नाजूक.

जे वाचतात त्यांचंही आयुष्य ताज्या वीर्यापेक्षा कमी असतं. म्हणून वेळ चुकवून चालत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका, म्हणजे सहज लक्षात न येणारा, उन्हाळ्यात तर फारच. तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे धारेआधी गोठ्यात एक फेरी मारा. बळस, म्हणजे माजावर योनीतून येणारा चिकट स्राव, दिसतो का, ती थोडी थोडी लघवी करते का, ते पाहा.

आता कांडी वितळवण्याचं. नत्रपात्रात, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात, उणे 196 अंश तापमान असतं, तिथे कांडी वर्षानुवर्षं टिकते. पण ती शोधताना कांड्यांचा डबा पात्राच्या तोंडाशी आणून रेंगाळलं की वरच्या कांड्या तापू लागतात. पुन्हा खाली सोडल्या तरी आतले बर्फाचे बारीक स्फटिक मोठे झालेले असतात आणि झालेली इजा भरून येत नाही. बाहेरून कांडी तशीच दिसते! मुंबईच्या उकाड्यात हा धोका जास्त. पात्रातला नत्र कमी झाला असेल तर विचारायलाच नको.

कांडी खिशात, काखेत किंवा तळहातावर चोळून वितळवू नये. सावकाश वितळताना बर्फ पुन्हा स्फटिक धरतो आणि शुक्रजंतूला फाडतो. 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, हीच रीत. पाणी मोजायला थर्मामीटर हवा, बोट घालून अंदाज नको. मग कांडी कोरडी पुसायची. साध्या पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून मरतात. एकदा वितळलेली कांडी लगेच वापरायची, पुन्हा गोठवायची नाही.

रेतन करायला पशुसेवक आले की त्यांच्यापुढे कोमट पाणी आणि थर्मामीटर तुम्हीच ठेवा. त्यात संकोच कसला? चांगला पशुसेवक उलट खूश होतो. आणि रिकामी कांडी फेकण्याआधी तिच्यावर छापलेला रेड्याचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. म्हैस उलटलीच, तर डॉक्टरांना तपास सुरू करायला तेवढी नोंद हाताशी असेल.