मणका चेपलाय की फुटलाय? सीटी स्कॅन काय दाखवतो

कोकणात नारळाच्या झाडावरून पडलेला माणूस असो की शहरात परांचीवरून पडलेला गवंडी, पाठ बऱ्याचदा एकाच जागी मोडते, छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे, डॉक्टर ज्याला डी ट्वेल्व्ह, एल वन म्हणतात, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका. वरचे मणके बरगड्यांनी धरलेले, खालचे मोकळे, त्यामुळे सगळा दणका इथेच बसतो. आणि आपले लोक प्रेमापोटी त्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात. नका हो बसवू, तसाच सरळ झोपवून फळीवर न्या.

एक्सरेत मणका पुढून चेपलेला दिसतो. पण खरा प्रश्न त्याच्या मागच्या भिंतीचा असतो, कारण तिच्या मागेच नसांचा मार्ग आहे, आणि ती भिंत फुटलीय का हे साध्या एक्सरेत कधीकधी कळतच नाही. म्हणून सीटी. एक्सरेची ट्यूब पेशंटभोवती गरगर फिरते, काही सेकंदांचं काम, आणि कॉम्प्युटर मणक्याचे पातळ पातळ काप समोर ठेवतो. समजा, असा एक आडवा काप समोर आहे. मधली करडी जागा म्हणजे नसांचा मार्ग, आणि त्यात घुसलेला हा पांढरा तुकडा म्हणजे फुटलेलं हाड. हा मणका नुसता चेपलेला नाही, फुटलेला आहे, आता उपचाराचा विचारच वेगळा होतो.

हे मशीन बनवलं गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी, ईएमआय कंपनीत, १९७१ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ ला त्यांना नोबेल, अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत. कुठली गोष्ट एक्सरे किती अडवते हे मोजणाऱ्या, त्यांच्याच नावाच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि कडक हाड कित्येक शे वर. म्हणून हाड लख्ख दिसतं. मणक्यांमधली गादी, नस, मज्जारज्जू यांचे आकडे मात्र जवळजवळ, सगळं करड्यात करडं, तिथे एमआरआयच लागतो.

त्यामुळे नुसती कंबर धरली म्हणून स्वतःहून सीटी काढून येऊ नका, रेडिएशन छातीच्या एक्सरेच्या कित्येक पट असतं, आणि दिवस गेले असतील तर आधी सांगाच. आणि ज्यांना पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नाही, त्यांच्या कमरेतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात डाय, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध, सोडून सीटी काढतात, मग नस कुठे दबलीय ते त्यातही दिसतं.